बुद्ध्यांक ८५ ची अट: मुलांमधील अध्ययन अक्षमतेच्या निदानाची पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले. शाळा सर्वांसाठी खुली झाल्यावरच वर्गात बसूनही वाचायला न शिकणारे मूल प्रथम नजरेत येऊ लागते. पॅरिसमध्ये १९०५ साली तयार झालेली पहिली बुद्धिमापन चाचणीही सक्तीच्या शिक्षणात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठीच होती. तिचे मराठी आणि कन्नड भाषक मुलांसाठी केलेले रूपांतर १९३० च्या दशकातले आहे. बिने-कामत या नावाने ते आजही अनेक ठिकाणी वापरले जाते, मात्र त्याची मानके जुनी आहेत.

स्वमग्नतेचे (ऑटिझम) वर्णन १९४३ साली झाले, तरी भारताच्या १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यात तिला स्थान नव्हते. ते १९९९ च्या स्वतंत्र कायद्याने मिळाले. अध्ययन अक्षमतेला, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यात येणाऱ्या अडचणीला, देशपातळीवर कायद्याची मान्यता २०१६ मध्ये मिळाली. महाराष्ट्राने त्याआधी वीस वर्षे, १९९६ पासून, दहावी-बारावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि शुद्धलेखनाच्या चुकांत सूट द्यायला सुरुवात केली होती, ही राज्याची मोलाची कामगिरी होय. परंतु प्रमाणपत्र देणारी केंद्रे सुरुवातीला मुंबईत एकवटलेली असल्याने कोल्हापूरच्या मराठी शाळेतील मुलाला ही सवलत प्रत्यक्षात दूरच राहिली.

खरा वाद अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारने काढलेल्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांचा होता. त्यांनुसार आधी दृष्टी, श्रवण आणि बुद्ध्यांक तपासायचा, आणि बुद्ध्यांक ८५ पेक्षा अधिक असेल तरच वाचन, लेखन व गणिताच्या चाचण्या घ्यायच्या, असे होते. बौद्धिक अक्षमतेची सीमा मात्र साधारणपणे ७० च्या खाली धरली जाते. म्हणजे ७० ते ८५ यांमधील मूल एका व्याख्येत हुशार ठरे आणि दुसरीत पुरेसे हुशार ठरत नसे, आणि त्याच्या हाती कोणतेच प्रमाणपत्र येत नसे. वाचनातील अडचण केवळ सरासरी किंवा त्याहून अधिक बुद्धीच्या मुलांनाच ‘खरी’ असते, या जुन्या समजुतीतून ही रेषा आली. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदान-नियमावलीने बुद्ध्यांक आणि वाचनक्षमता यांतील तफावतीची अट सोडून दिली होती, तरी आपल्याकडे पाच वर्षांनी ८५ ची अट लिहिली गेली. शिवाय चाचणी बदलली की गुण बदलतात, आणि ज्या घरात पुस्तके नाहीत तेथील मुलाचे शब्दसंग्रहाचे गुण कमी येतात, हे चाचणी घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. राधानगरी किंवा गगनबावड्याच्या वाड्या-वस्त्यांवरून आलेल्या मुलाचे गुण ८२ आले, तर त्यामागे बुद्धी किती आणि अनुभवाचा अभाव किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ही रेषा सर्वाधिक त्रासदायक ठरली ती अशाच मुलांना.

मोजमापाच्या भाषेचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. मराठीत वाचनाचा गोंधळ काना-मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांत दिसतो, तो इंग्रजीच्या मोजपट्टीवर नीट उमटत नाही. मराठीसह काही भारतीय भाषांत डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातील अक्षमता, तपासण्याची साधने तयार झाली ती बऱ्याच उशिरा. २०१८ च्या त्याच सूचनांनुसार प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून मिळे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे. तोवर तिसरीपर्यंतची वर्षे ‘अभ्यासात लक्ष नाही’ या शेऱ्यावर निघून जात.

अतिचंचलतेची (एडीएचडी) स्थिती याहून बिकट आहे, कारण २०१६ च्या कायद्यातील अपंगत्वाच्या २१ प्रकारांत तिचा समावेशच नाही. लहान वयात आधी पालकांचे प्रशिक्षण, आणि गरजेनुसार पुढे औषधे, असा तिच्या उपचारांचा क्रम आहे. वाचनातील अडचणीवर मात्र औषध नाही. तिथे उपचारात्मक अध्यापनच लागते, ते आठवे वर्ष पूर्ण होण्याची वाट न पाहता सुरू करता येते, आणि ते नियमित, दीर्घकाळ चालावे लागते. असे शिक्षक प्रामुख्याने कोल्हापूर शहरात असल्याने चंदगडच्या पालकांना दर खेपेला शंभरेक किलोमीटरचा प्रवास आणि एका दिवसाची मजुरी गमावणे, हे दोन्ही सोसावे लागते.