परराष्ट्र मंत्रालयाची पूर्वपीठिका

भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचा इतिहास स्वातंत्र्यापासून सांगण्याचा प्रघात असला, तरी त्याचा उगम १३ सप्टेंबर १७८३ रोजी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये झालेल्या एका ठरावात आहे. वॉरन हेस्टिंग्जच्या कारभारातील ‘गुप्त व राजकीय’ कामकाजाचा भार हलका करण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने त्या दिवशी वेगळे खाते निर्माण केले.

मराठी वाचकाने या तारखेची दखल घ्यायलाच हवी. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७८२ मध्ये सालबाईचा तह होऊन पहिले इंग्रज-मराठे युद्ध नुकतेच थांबले होते, आणि पुणे, हैदराबादसारख्या देशी दरबारांशी तह करणे, पत्रव्यवहार ठेवणे व त्यांच्या बातम्या काढणे हाच या खात्याचा मुख्य उद्योग होता. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट पेशवे दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, म्हणून दाखल झाला. पुढे मुळा-मुठेच्या संगमावरील रेसिडेन्सीतून पुण्यातील हालचालींची बित्तंबातमी कलकत्त्याला रवाना होत राहिली. तीच पत्रे आज मराठ्यांच्या इतिहासाची मोलाची साधने ठरली आहेत. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, तेव्हा रेसिडेंट एल्फिन्स्टनच्या काळातील ही रेसिडेन्सी मराठ्यांनी जाळली.

१८४३ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरोने सचिवालयाची परराष्ट्र, गृह, वित्त व लष्कर अशी चार खाती केली. तरीही संस्थानिकांशी असलेले संबंध आणि सीमेपलीकडचे राजकारण ही दोन्ही कामे परराष्ट्र खात्याकडेच राहिली. १९३५ च्या कायद्यानंतर, १९३७ मध्ये, ती अलग झाली. माझ्या मते या खात्याच्या इतिहासातील खरे वळण हेच, कारण देशातील सत्तांवर नजर ठेवणाऱ्या यंत्रणेपासून परदेशांशी व्यवहार करणारे खाते प्रथमच सुटे झाले.

त्या खात्याची सूत्रे सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकारात जवाहरलाल नेहरूंकडे आली आणि त्याच वर्षी भारतीय परराष्ट्र सेवा स्थापण्याचा निर्णय झाला. १९४७ मध्ये राष्ट्रकुल संबंधांचे खातेही त्यात विलीन झाले, तर संस्थानांचा कारभार सरदार पटेलांच्या स्वतंत्र खात्याकडे गेला. आरंभी अनुभवी मनुष्यबळ बरेचसे जुन्या आय. सी. एस. मधूनच, म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेतूनच, घ्यावे लागले. खात्याचे पहिले महासचिव गिरिजाशंकर बाजपेयी व पहिले परराष्ट्र सचिव के. पी. एस. मेनन हे दोघेही त्याच सेवेतले. नेहरूंनी मात्र हे खाते १९६४ मध्ये निधन होईपर्यंत स्वतःकडेच ठेवले.