थंड शेकाची घरगुती पिशवी

थंड शेकाची पिशवी : मुका मार, मुरगळलेला घोटा, कपाळावरचे टेंगूळ अशा ताज्या दुखापतीवर ठेवण्यासाठी फ्रीजरमध्ये गार करून पुनःपुन्हा वापरली जाणारी पिशवी. औषधांच्या दुकानात ती निळ्या जेलच्या पाकिटाच्या रूपात मिळते. घरी ती मीठ-पाणी, स्पिरिट, ग्लिसरीन, स्पंज किंवा नुसत्या ओल्या पंचापासूनही बनते. मराठीत ‘शेक’ म्हणजे खरे तर ऊब. शेकणे, शेकोटी हे शब्द त्याच घरातले. तरीही ‘बर्फाचा शेक द्या’ हे डॉक्टरांचे वाक्य आता कोणाला खटकत नाही.

महाराष्ट्रातल्या जुन्या घरगुती उपचारांत मुक्या मारावर गारवा फारसा दिसत नाही. सहाणेवर आंबेहळद उगाळून तिचा कोमट लेप लावायचा, रुईचे पान गरम करून बांधायचे किंवा तापवलेली वीट फडक्यात गुंडाळून शेकायचे, ही रीत होती. गार पाणी आठवे ते घोळणा फुटल्यावर, डोक्यावर ओतायला. याचे एक साधे कारण असे वाटते की बर्फ हाताशी नव्हताच. अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने मुंबईत येऊ लागला तो 1830 च्या दशकात, आणि तोही श्रीमंतांच्या पेल्यांसाठी. घरोघरी फ्रीज आले ते त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी. कबड्डीच्या मैदानावर मात्र घरात फ्रीज नसतानाही बर्फ पोहोचला होता : लादीचा तुकडा गोणपाटात घालून फोडायचा आणि रुमालात बांधून गुडघ्यावर धरायचा.

गारव्याने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि वेदनेचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंचा वेग मंदावतो, म्हणून दुखणे कमी होते. यासाठी पिशवी नुसती थंड असून भागत नाही, ती बराच वेळ उष्णता शोषत राहिली पाहिजे. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो. तेच एक किलो पाणी 0 वरून 20 अंश सेल्सिअसपर्यंत चढताना जेमतेम 84 किलोज्यूल घेते. गारव्याचा खरा साठा असा वितळण्यात असतो. मोज्यात तांदूळ भरून तो फ्रीजरमध्ये ठेवण्याची युक्ती यामुळेच तोकडी पडते : तांदळात वितळण्यासारखे काही नसते, त्यामुळे मोजा काही मिनिटांत कोमट होतो. तो गळत नाही आणि फार बोचतही नाही, एवढे त्याचे गुण. लहान मुलाच्या टेंगळाला तेवढे पुरते.

नुसत्या पाण्याची पिशवी गोठली की विटेसारखी कडक होते आणि घोट्याच्या खोबणीत बसत नाही. घरगुती पाककृतींचा सगळा खटाटोप ही वीट मऊ करण्यासाठी आहे. पाण्यात काहीही विरघळवले की त्याचा गोठणबिंदू खाली जातो. पाण्याचा काही भाग बर्फ होतो, उरलेला भाग अधिकाधिक दाट द्रावण होऊन पातळच राहतो आणि पिशवीत ओला चुरा तयार होतो. लिटरभर पाण्यात 100 ग्रॅम मीठ घातले तर ते उणे 6 अंशांच्या आसपास गोठू लागते आणि उणे 18 अंशांच्या फ्रीजरमध्येही पूर्ण घट्ट होत नाही. सर्जिकल स्पिरिट एक वाटी आणि पाणी दोन ते तीन वाट्या हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित आहे. कोविडनंतर कपाटात उरलेले सॅनिटायझरही त्या जागी चालते, कारण त्यातही मुख्यतः अल्कोहोलच असते. ग्लिसरीन एक भाग आणि पाणी चार भाग घेतले तरी जवळपास तसाच लगदा मिळतो. ते महाग पडते, पण त्याला वास नाही आणि ते पेट घेण्याची भीती नाही, त्यामुळे लहान मुले असलेल्या घरात स्पिरिटपेक्षा बरे.

करताना चुकते ते भरण्यात. झिपची जाड पिशवी दोनतृतीयांशच भरावी, आडवी धरून हवा पूर्ण दाबून काढावी आणि झिप लावल्यावर ती दुसऱ्या पिशवीत उलट्या तोंडाने घालावी, म्हणजे पहिलीचे तोंड दुसरीच्या तळाशी येते. खाण्याच्या रंगाचा एक थेंब घातला तर गळती लगेच दिसते, शिवाय कोणी पाणी समजून पीत नाही. पिशवी फ्रीजरमध्ये वहीसारखी सपाट ठेवायची. उभी किंवा चुरगळून ठेवली तर तिचा गोळा होतो आणि तो गुडघ्यावर एकाच बिंदूला टेकतो. रात्रभराने बाहेर काढून दाबली की ओल्या वाळूसारखी करकर लागते. स्पिरिटचे मिश्रण गॅसच्या शेगडीजवळ करू नये.

कॉर्नफ्लॉवरची किंवा साबुदाण्याची खळ शिजवूनही पिशवी भरतात. ती पहिल्यांदा छान मऊ वाटते, पण दोन-चार वेळा गोठून वितळली की पिष्ट वेगळे होऊन स्पंजासारखे होते आणि पाणी सुटते. बाळाच्या डायपरमधली जेलची भुकटी वापरण्याचीही चाल आहे. ही भुकटी आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरते, मात्र ते पाणीच असल्याने शेवटी तेही कडक गोठते. ते मऊ राहावे म्हणून मीठ घालावे तर जेल फुगलेले राहत नाही, पाणी सोडून देते. तिथे ग्लिसरीनच उपयोगी पडते.

या सगळ्या मऊ पिशव्यांतली खरी जोखीम पाककृती सांगणारे सहसा सांगत नाहीत. साधा बर्फ फ्रीजरमधून निघतो तेव्हा उणे 18 असला तरी वितळू लागला की 0 अंशांवर थांबतो आणि संपेपर्यंत तिथेच राहतो. मीठ किंवा स्पिरिट घातलेली पिशवी शून्याच्या बरीच खाली असतानाच वितळत असते. हाताला ती मऊ लागते म्हणून सौम्य वाटते, प्रत्यक्षात ती बर्फापेक्षा थंड असते आणि उघड्या त्वचेवर हिमदाह, म्हणजे अति थंडीने भाजल्यासारखी इजा, करू शकते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जेम्स आरनॉट हा डॉक्टर बर्फ आणि मिठाच्या मिश्रणाने शरीराचा भाग बधिर करी, तेव्हा हाच गुणधर्म त्याच्या कामी येई. घरी मात्र तो अडचणीचा. म्हणून फोडलेला बर्फ आणि त्यात थोडे पाणी, अशी साधी पिशवी ही आजही सर्वांत सुरक्षित. पुन्हा वापरायचीच असेल तर ओला पंचा चौपदरी घडी करून किंवा भिजवलेला स्पंज झिपच्या पिशवीत गोठवावा. तो पहिली काही मिनिटे ताठ असतो, मग अंगाबरोबर वळतो. त्यात पाण्याशिवाय काही नसल्याने वितळू लागला की शून्याखाली जात नाही.

गोठवलेल्या मटारचे पाकीट हा यातला सर्वांत कमी कष्टाचा उपाय. दाणे सुटे असल्याने ते गुडघ्याभोवती, खांद्यावर छान बसते. एकदा शेकासाठी वापरलेल्या पाकिटावर पेनने खूण करून ठेवावी. वितळून पुन्हा गोठलेले मटार उसळीत जाऊ नयेत.

पिशवी आणि त्वचा यांच्यामध्ये पातळ, किंचित ओलसर कापड हवे. कोरड्या जाड टॉवेलातून गारवा पोहोचत नाही आणि मग माणूस वैतागून टॉवेल काढून टाकतो. एका वेळी 10 ते 15 मिनिटे, फार तर 20, आणि पुढचा शेक दोनेक तासांनी. या वेळात आधी गार लागते, मग जळजळते, मग ठणकते आणि शेवटी बधिर होते. बधिर झाले की थांबायचे. क्रेप बँडेजने पिशवी बांधून झोपी जाणे हा इजा करून घेण्याचा नेहमीचा मार्ग आहे. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला मज्जातंतू त्वचेच्या अगदी लगत असतात. तिथे वेळ आणखी कमी ठेवावा. मधुमेहाने पायाची संवेदना गेलेल्यांना, थंडीत बोटे पांढरी पडणाऱ्यांना, गारव्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांना आणि रक्तपुरवठा कमी असलेल्या अवयवाला हा शेक देऊ नये. दुखऱ्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा हाडाचा आकार बदललेला दिसत असेल तर पिशवी शोधत बसण्यापेक्षा एक्स-रे काढून घ्यावा.

गारव्याने जखम लवकर बरी होते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर गेल्या काही दशकांत बदलले आहे. अमेरिकन डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये विश्रांती, बर्फ, दाब आणि दुखरा भाग उंचावर ठेवणे या चार उपायांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘राइस’ हे सूत्र रूढ केले आणि जगभरच्या प्रथमोपचाराच्या वर्गांत ते पाठ झाले. सूज हा दुरुस्तीचाच भाग असल्याने बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे खुद्द मर्किन यांनीच 2014 मध्ये लिहिले. 2019 मध्ये ब्लेझ दुबुआ आणि झाँ-फ्राँस्वा एस्क्युलिए या फिजिओथेरपिस्टांनी मांडलेल्या ‘पीस अँड लव्ह’ या सूत्रात बर्फाला जागाच नाही. वेदना तात्पुरती कमी करण्याचे साधन म्हणून थंड शेकाला मात्र अजून तेवढाच मान आहे, आणि पहिल्या रात्री ठणकणाऱ्या घोट्याला तेवढे पुष्कळ असते. ताज्या माराला लगेच चोळणे आणि कडक गरम शेक देणे मात्र टाळलेलेच बरे, आंबेहळदीच्या लेपावर कितीही श्रद्धा असली तरी.

दाबताच गार होणारी पाकिटे या नोंदीच्या कक्षेबाहेरची. त्यांत अमोनियम नायट्रेट किंवा युरिया पाण्यात विरघळतो आणि विरघळताना उष्णता ओढून घेतो. फवारणीसाठी युरिया कालवताना बादली बाहेरून गार लागते, तेच तत्त्व. ही पाकिटे एकदाच वापरता येतात. अमोनियम नायट्रेट स्फोटकांत वापरले जात असल्याने त्याच्या खरेदी-साठवणीवर भारतात 2012 च्या नियमांचे बंधन आहे, तेव्हा घरी त्याच्या वाटेला जाण्याचे कारण नाही.

घरगुती पिशवीला आधी दगा देते ती झिप. शिवणीपाशी ओल दिसली की स्पिरिटचे मिश्रण भरपूर पाण्याबरोबर मोरीत सोडून द्यावे आणि पिशव्या बदलाव्यात. मीठ-पाणी गळले असेल तर फ्रीजरचा तळ लगेच पुसून घ्यावा, नाहीतर पत्र्याला गंज धरतो.