पट्टी, हातोडी आणि मुंबईची हवा

पियानोची कुठलीही एक पांढरी पट्टी अगदी सावकाश, तीन-चार सेकंद घेत खाली न्या. पट्टी तळाला टेकेल, पण आवाज येणार नाही. तळाच्या थोडं आधी बोटाला एक बारीकसा अडथळा मात्र जाणवेल. ग्रँड पियानोवर तो स्पष्ट जाणवतो, भिंतीला लावायच्या अपराइटवर जरा पुसट. पियानो शिकणाऱ्याने पहिल्या दिवशी हे करून पाहावं, कारण या वाद्याचं मर्म त्या अडथळ्यात आहे.

पट्टी साधारण १० मिलिमीटर खाली जाते. तेवढ्यात आतल्या तरफांमुळे लोकरीच्या नमद्याने मढवलेली हातोडी तारेकडे सुमारे ४५ मिलिमीटर झेपावते. तार दोन-तीन मिलिमीटरवर आली की हातोडीला ढकलणारा लाकडी दांडा बाजूला निसटतो. बोटाला जाणवतं ते हे निसटणं. उरलेलं अंतर हातोडी स्वतःच्या वेगावर कापते, तारेवर आदळते आणि लगेच मागे येते. सावकाश दाबलं तर अंगात वेगच नसतो, म्हणून ती तारेपर्यंत पोचत नाही. ही सोय नसती तर हातोडी तारेला टेकून राहिली असती आणि सूर जागीच मेला असता. फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात वाद्यांचं काम पाहणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास ही रचना जमवली. त्याने १७२० च्या दशकात केलेले तीन पियानो न्यूयॉर्क, रोम आणि लाइपझिगच्या संग्रहालयांत अजून आहेत.

कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटला की पुढे आपलं काही चालत नाही, तसंच इथे. वाजवणाऱ्याच्या हातात तीनच गोष्टी असतात: हातोडी किती वेगाने सोडायची, केव्हा सोडायची, आणि पट्टीवरून बोट कधी उचलायचं. बोट उचललं की डॅम्परची गादी तारेवर बसते आणि सूर थांबतो. तळाला गेलेली पट्टी आणखी जोराने दाबण्याचा आवाजावर काहीही परिणाम होत नाही, मनगट तेवढं आखडतं. नवशिक्यांच्या दुखऱ्या हातांमागे फार वेळा हेच कारण असतं.

मग वादकागणिक ‘टच’ वेगळा कसा? नमदा जितक्या वेगाने दाबला जातो तितका तो कडक वागतो. हळू आदळलेली हातोडी मऊ असते आणि वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर निघणारे बारीक उंच सूर, फारसे उठवत नाही. जोरात आदळलेली हातोडी तेच स्वरांश भरभरून उठवते, आणि आवाज मोठा होतानाच उजळ, धारदार होतो. त्यामुळे दोन्ही हातांत मिळून चार स्वर एकदम वाजत असताना एकाच बोटाची हातोडी इतरांपेक्षा किंचित वेगाने सोडता येणं, ही पियानो वादनातली खरी कमाई आहे. चाल त्यातूनच वर तरंगते.

आपल्याकडे बहुतेकांची पट्ट्यांशी पहिली ओळख पेटीवर होते, आणि ती ओळख खूप कामाला येते. काळी एक, पांढरी चार ही भाषा इथेही चालते, कारण पट्ट्यांची मांडणी तीच आहे: दोन काळ्यांच्या जोडीला लागून डावीकडची पांढरी ती पांढरी एक, आणि तिथून क्रमाने मोजायचं. पेटी तीन-साडेतीन सप्तकांची, तर पियानोवर ८८ पट्ट्या, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, म्हणजे सात सप्तकं आणि वर थोडं. पण पेटीचा लहान-मोठा आवाज भात्यातून येतो, पट्टीतून नाही, आणि हवा आहे तोवर सूर टिकतो. पियानोचा सूर जन्मल्या क्षणापासून विरू लागतो. शिवाय पेटीवाल्याचा डावा हात आयुष्यभर भाता मारत आलेला असतो. त्यामुळे उजवा हात झरझर पळतो आणि डावा पहिलीत बसतो. अशा विद्यार्थ्याने सुरुवातीचे दोन-तीन महिने सरावाचा निम्म्याहून जास्त वेळ डाव्या हाताला द्यावा, असं मला ठामपणे वाटतं.

बसण्याची उंची आधी ठरवा. बोटं पट्टीवर ठेवली की कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा अगदी किंचित वर असावं. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा, तळवे जमिनीला टेकलेले. मुलांचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, नाहीतर तोल सांभाळायला ती खांदे आवळतात. घरातली जेवणाची खुर्ची बहुधा बुटकी पडते आणि मग मनगट खचतं.

हात कुठे ठेवावा? बहुतेक पुस्तकं अंगठा मधल्या पांढरी एकवर ठेवून पाचही बोटं पांढऱ्या पट्ट्यांवर मांडतात. स्वरलिपी वाचायला हे सोपं, पण हाताला नाही. पियानोचा थोर संगीतकार शोपाँ आपल्या विद्यार्थ्यांना वेगळी जागा द्यायचा: अंगठा पांढरी तीनवर, पुढची तीन लांब बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर आणि करंगळी पांढरी सातवर. करून पाहा. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड बोटं खालच्या पांढऱ्यांवर, आणि पंजा आपोआप गोल होतो. रोज दोन मिनिटं इथे बोटं विसावू दिली तर पांढऱ्या पट्ट्यांवर परतताना तो आकार बरोबर येतो. बोटाचं टोकाचं पेर आत मोडत असेल तर वेग कमी करा. पेर मोडलं की जोर तिथेच जिरतो आणि हातोडीला नेमका वेग मिळत नाही.

पांढरी एकपासून सरगम वाजवताना उजव्या हाताची बोटं १-२-३-१-२-३-४-५ अशी येतात, अंगठा म्हणजे १. गंधारानंतर अंगठा तळहाताखालून मध्यमावर जातो, आणि नेमका तो मध्यम धप्पकन मोठा वाजतो. बोट गंधारावर असेपर्यंत अंगठा मागेच रेंगाळतो, मग घाईने कोपर बाहेर फेकून अख्ख्या हाताच्या वजनासकट तो पट्टीवर पडतो. अंगठ्याने षड्ज सोडला की लगेच त्याला आत सरकवायला सुरुवात करा. रिषभ वाजत असताना तो प्रवासात असला पाहिजे. डाव्या हाताचा क्रम वर जाताना ५-४-३-२-१-३-२-१, म्हणजे पंचमावर अंगठा आणि धैवतासाठी मधलं बोट त्याच्या वरून. अनामिका स्वतंत्रपणे उचलत नाही म्हणून तिला ताणू नका. तिच्या कंडरा शेजारच्या बोटांच्या कंडरांशी जोडलेल्या असतात, तो अशक्तपणा नव्हे. पट्टी वाजवायला बोट उंच उचलावं लागत नाहीच.

सराव रोज २५-३० मिनिटं. रविवारी सलग तीन तास बसण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण हाताची शिकवण झोपेत पक्की होते आणि आठवड्यात सात रात्री असतात. चारच मात्रांचा तुकडा घ्या, हात वेगवेगळे, मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर. सलग तीनदा स्वच्छ आला की ६४. चूक झाली की थांबून पुन्हा सुरुवातीपासून धावत येण्याची सवय लागते. त्याने सुरुवात तेवढी पक्की होते आणि अडलेली जागा अडलेलीच राहते. त्या जागेच्या आधीचा एक आणि नंतरचा एक स्वर घेऊन तेवढंच वाजवा.

उजवं पेडल पहिले काही आठवडे नकोच. ते सगळे डॅम्पर एकदम उचलतं. स्वर गढूळ होतात कारण नवशिका ते तालावर, पट्टीबरोबरच दाबतो आणि आधीचे स्वर तसेच अडकून राहतात. नवा स्वरगुच्छ वाजताना पाय वर यायला हवा आणि लगेच, क्षणभराने, खाली जायला हवा. टाच जमिनीवरच. मुंबईत नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात पियानोची मैफल असेल तेव्हा सभागृहाच्या डाव्या बाजूचं तिकीट काढा. तिथून वादकाचे हात दिसतात.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सुरुवातीला डिजिटल पियानो पुरतो. प्रत्येक पट्टीखाली दोन-तीन संवेदक असतात. पट्टी एकापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली यावरून यंत्र वेग काढतं आणि तेवढ्या जोराचा ध्वनिमुद्रित सूर वाजवतं. मोजतं ते वेगच, जोर नाही, म्हणजे खऱ्या पियानोचं तत्त्व इथेही कायम. मात्र ८८ पट्ट्या आणि हातोडीच्या वजनाची यंत्रणा हवीच. स्प्रिंगच्या ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊ नका. खरी पट्टी सुरुवातीला जड लागते आणि मग सुटते, स्प्रिंगची खाली जाताना आणखी जड होत जाते. बोट उलटंच शिकतं. हेडफोन लावले तरी पट्ट्यांची धडधड जमिनीतून खालच्या मजल्यावर पोचते. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाका.

खऱ्या पियानोत २२० हून अधिक तारा असतात आणि सगळ्यांचा मिळून ताण १५ ते २० टन. तो पेलायला आत बीडाची चौकट असते. मंद्र बाजूला एका स्वराला तांबं गुंडाळलेली एकच तार, पुढे दोन, आणि मध्यापासून वर तीन. या तिन्ही तारा जुळवणं हे ट्यूनरचं निम्मं काम. दोन तारा नमद्याच्या पाचरीने बंद करून तो तिसरी लावतो, मग एकेक उघडत जातो. एक तार ४४० आणि दुसरी ४४१ कंपनांवर असेल तर सेकंदाला एक अशी आंदोलनं ऐकू येतात, ती विरेपर्यंत किल्ली हलते. गंमत अशी की तिन्ही तारा तंतोतंत एक केल्या तर सूर लवकर विझतो. एकदम हलणाऱ्या तारा आपली ऊर्जा साउंडबोर्डला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीला, भराभर देऊन टाकतात. किंचित फरक असेल तर काही वेळाने त्या एकमेकींविरुद्ध हलू लागतात, ऊर्जा सावकाश झिरपते आणि सूर लांबतो. गॅब्रिएल वाइनराइख या भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हे उलगडून दाखवलं. चांगले ट्यूनर कानाने हे आधीपासून साधत आले होते.

सप्तकाचे बारा समान भाग करताना शुद्ध स्वर थोडे थोडे सोडावे लागतात. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे १४ शतांश चढा असतो. खालच्या सप्तकातली पांढरी चार आणि पांढरी सहा एकत्र वाजवा, सेकंदाला सुमारे सात आंदोलनं कानावर येतील. ट्यूनर ती मुद्दाम ठेवतो. पेटीबद्दलही हीच तक्रार होती. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे मींड निघत नाही आणि स्वर श्रुतींना धरून नाहीत हे आक्षेप होते. ती १९७१ मध्ये अंशतः उठली. गाणाऱ्याने पियानोवर गळा लावू नये, हे मला यामुळेच पटतं.

आता मुंबईची हवा. साउंडबोर्ड म्हणजे स्प्रूसच्या लाकडाची जेमतेम ८-१० मिलिमीटरची फळी, तारांच्या बाजूला किंचित फुगीर. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, फळी पाणी पिऊन आणखी फुगते, तारांना वर रेटते आणि मधले स्वर चढतात. कडेचे तितके चढत नाहीत, म्हणून पियानो नुसता चढा नाही तर बेसूर लागतो. हिवाळ्यात तेच उलट दिशेने. म्हणून जूनमध्ये ट्यूनिंगवर पैसे घालवू नका. पाऊस जाऊन लाकूड स्थिरावलं की, म्हणजे नोव्हेंबरात एकदा, आणि उन्हाळ्यात एकदा.

पावसाळ्यात पट्ट्या अडकतात. पट्टीच खाली राहत असेल तर तिच्या खालच्या खिळ्याभोवतीचं कापड फुगलंय. पट्टी वर आली पण हातोडी तारेजवळ रेंगाळत असेल तर हातोडीच्या सांध्याची पिन घट्ट झालीय. ट्यूनरला फोनवर हे नेमकं सांगा, तो योग्य हत्यारं घेऊन येईल. तेलाचा थेंबही सोडू नका. कापड ते पितं आणि मग सांधाच बदलावा लागतो. ओल हटवायला वाद्याच्या आत बसवायची कमी वॅटची तापदांडी मिळते, आर्द्रता पाहून आपोआप चालू-बंद होणारी घ्या. रात्रभर एसी आणि दिवसभर उघड्या खिडक्या हा चढउतार मात्र सततच्या ओलीपेक्षाही वाईट. नमद्याला कसर लागते, पियानो महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

जुना पियानो पाहायला जाताना टॉर्च न्या. वरचं झाकण उघडून खुंट्यांजवळ तारांवर गंज आहे का पाहा, समुद्राजवळच्या घरांत तो हमखास असतो. गंजलेला पियानो ४४० कंपनांच्या प्रमाण सुराला चढवताना तारा तुटतात. खालची फळी काढून वाळवीची माती शोधा. ८८ पट्ट्या एकेक करून हळू आवाजात वाजवा, दोष जोरात वाजवताना लपतात. ट्यूनरकडून खुंट्या तपासून घ्या. त्या सैल असतील तर सूर टिकणार नाही, आणि ती दुरुस्ती पियानोपेक्षा महाग पडू शकते. अपराइटचं वजन २०० किलोच्या पुढे जातं, तेव्हा पैसे देण्याआधी लिफ्टचं दार आणि जिन्याचं वळण टेपने मोजा. घरी आला की उन्हाच्या खिडकीपासून, बाथरूमच्या ओल्या भिंतीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर ठेवा, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि दोन-तीन आठवडे खोलीची हवा अंगवळणी पडू दिल्यावरच ट्यूनरला बोलवा.