व्हिक्टर कोर्चनॉय

व्हिक्टर ल्वोविच कोर्चनॉय (23 मार्च 1931 – 6 जून 2016) हा आधी सोव्हिएत आणि नंतर स्वित्झर्लंडचा बुद्धिबळातला ग्रँडमास्टर (खेळाडूला मिळणारी सगळ्यात वरची पदवी). वर्ल्ड चॅम्पियन न झालेल्यांत सगळ्यात तगडा कोण असा वाद निघाला की एस्टोनियाच्या पॉल केरेसच्या जोडीने याचं नाव येतंच येतं. माझं मत विचाराल तर कोर्चनॉयच, कारण केरेस सभ्य माणूस होता आणि हा खुन्नस धरून खेळायचा, आणि ती खुन्नस त्याला ऐंशीव्या वर्षापर्यंत पुरली.

जन्म लेनिनग्राडचा. बुद्धिबळ वडिलांनी शिकवलं, पण ते 1941 मधे युद्धात मारले गेले आणि जर्मन वेढ्यातली उपासमार या पोराने शहरातच काढली, सावत्र आईने त्याला वाढवलं. पुढे पायोनियर पॅलेस या मुलांच्या सरकारी क्लबमधे व्लादिमीर झाक हे कोच मिळाले, 1956 ला ग्रँडमास्टर झाला, आणि 1960 ते 1970 या काळात चार वेळा सोव्हिएत चॅम्पियन. त्या काळात ही स्पर्धा जिंकणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, अर्धे वर्ल्ड चॅम्पियन तिथेच खेळत असायचे.

खेळण्याची पद्धत जरा उलटीच. प्यादं दिसलं की खायचं, मग समोरच्याला खुशाल हल्ला करू द्यायचा, तासन् तास बचाव करत बसायचं, आणि त्याचा दम संपला की आपण उलटा वार करायचा. काळ्याकडून फ्रेंच डिफेन्स ही सुरुवात लाडकी, एंडगेम (थोड्या मोहऱ्यांचा शेवटचा खेळ) पक्का, पण घड्याळाशी कायमचं वाकडं, चांगले डाव टाइम ट्रबलमधे, म्हणजे वेळ संपत आल्याच्या घाईत, घालवले. माजी वर्ल्ड चॅम्पियन मिखाइल टालसारख्या हल्लेखोराला हा माणूस कधी झेपलाच नाही, त्याच्याशी टाल जितके डाव जिंकला त्याच्या कितीतरी जास्त हरला. अमेरिकेच्या बॉबी फिशरशी मात्र हिशोब बरोबरीत राहिला.

1974 ची कँडिडेट्स फायनल, म्हणजे वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार हे ठरवणारी मॅच, तो तरुण सोव्हिएत खेळाडू अनातोली कार्पोवकडून एका पॉइंटने हरला, आणि 1975 मधे तेव्हाचा चॅम्पियन फिशर खेळायलाच न आल्यामुळे कार्पोव थेट वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे खरं तर हीच मॅच टायटलची होती पण खेळताना ते कुणाला माहीत नव्हतं. वर कोर्चनॉयने एका युगोस्लाव पेपरला इंटरव्ह्यू देऊन कार्पोवबद्दल नको ते बोलून टाकलं. झालं, परदेश दौरे बंद, स्टायपेंड कमी. पुन्हा बाहेर जायला मिळाल्यावर 1976 मधे ॲमस्टरडॅमची स्पर्धा खेळला आणि परत गेलाच नाही, तिथेच आश्रय मागितला. बायको आणि मुलगा मागे अडकले. मुलगा इगोर सैन्यात जायला नाही म्हणाला म्हणून त्याला लेबर कॅम्पमधे टाकलं, तो 1982 मधे सुटला.

यानंतर पेट्रोस्यान, पोलुगायेव्स्की आणि स्पास्की अशा तिघांना हरवून हा 1978 मधे फिलिपिन्समधल्या बागियोला वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी कार्पोवसमोर बसला. बुद्धिबळाच्या इतिहासात इतकी विचित्र मॅच दुसरी नसेल. कार्पोवला खेळताना दह्याचा कप आणून दिला तर यातून काही खूण पाठवली असेल म्हणून कोर्चनॉयच्या गोटाने तक्रार केली, सोव्हिएत लोकांनी याच्या खुर्चीचा एक्सरे काढायला लावला, प्रेक्षकांत सोव्हिएत गोटातला झुखार नावाचा मानसशास्त्रज्ञ बसून टक लावून बघायचा म्हणून हा आरशासारख्या काचांचे गॉगल घालून आला. आणि मग याच्या बाजूने कोण यावं, तर आनंदमार्ग या भारतीय पंथाचे लोक! मनिलात भारतीय वकिलातीतल्या अधिकाऱ्यावरच्या हल्ल्याच्या केसमधले दोघं जामिनावर होते, ते याला ध्यान शिकवायला आले आणि भगव्या कपड्यांत हॉलमधे बसू लागले.

तमाशा सोडून खेळाचं बोलायचं तर आधी सहा डाव जिंकेल तो चॅम्पियन असा नियम होता, ड्रॉ मोजायचे नाहीत. पाचव्या डावात कोर्चनॉयला समोर मात होती, घड्याळाच्या घाईत दिसली नाही, आणि तो डाव 124 चालींनंतर स्टेलमेट (शह नाही पण चालही नाही, म्हणून बरोबरी) झाला. सतराव्यात तर त्याने स्वतःच राजा दोन घोड्यांनी मात होईल अशा जागी नेऊन ठेवला. 27 डावांनंतर 5-2, म्हणजे कार्पोवला फक्त एक विजय हवा. तिथून या 47 वर्षांच्या माणसाने पुढच्या चारपैकी तीन डाव मारले आणि स्कोअर 5-5 केला! 32 वा डाव मात्र कार्पोवचा. झुखार परत पुढे येऊन बसला होता यावरून कोर्चनॉयने बोंब मारली, पण निकाल लागला तो लागलाच. 1981 ला इटलीतल्या मेरानोमधे दोघं परत भिडले, कार्पोव 6-2 ने आरामात जिंकला, त्यात सांगण्यासारखं फार नाही.

हा जिथे खेळेल तिथे सोव्हिएत खेळाडू यायचे नाहीत, असा बहिष्कार बरीच वर्षं चालला. तो सुटला 1983 मधे आणि तोही याच्यामुळे: तरुण सोव्हिएत खेळाडू कास्पारोवबरोबरची कँडिडेट्सची सेमीफायनल अमेरिकेत पासाडेनाला होती, सोव्हिएत फेडरेशनने जायला नकार दिल्याने ती न खेळताच कोर्चनॉयच्या नावावर लागली होती. तरी हा परत खेळायला तयार झाला, लंडनला पहिला डाव जिंकलाही, शेवटी 7-4 ने हरला. अख्खं आयुष्य भांडणात घालवलेल्या माणसाने आयती मॅच सोडून द्यावी हे मला अजून नवल वाटतं.

नंतरचा काळ स्वित्झर्लंडमधल्या वोलेन गावात, दुसरी बायको पेट्रा लेउवेरिक हिच्यासोबत, आणि तीही सोव्हिएत कॅम्पमधे वर्षानुवर्षं काढलेली. 1990 मधे गोर्बाचेवच्या सरकारने नागरिकत्व परत दिलं, हा काही परत राहायला गेला नाही. जानेवारी 2007 च्या जागतिक रेटिंग लिस्टमधे वयाच्या 75 व्या वर्षी जगात 85 वा होता. 2011 ला जिब्राल्टरला 18 वर्षांच्या फाबियानो कारुआना या उगवत्या खेळाडूला काळ्या मोहऱ्यांनी हरवलं आणि त्याच वर्षी ऐंशीचा असताना स्विस चॅम्पियन झाला. 2012 मधे स्ट्रोक आला, तरी 2015 मधे झुरिकला व्हीलचेअरवर बसून जुना जर्मन ग्रँडमास्टर वोल्फगांग उलमानशी डाव मांडलेच.