कन्सोल आणि लॅपटॉपसाठी घरचं वायफाय: प्लॅन वाढवण्याआधी हे वाचा

‘प्लॅन दुप्पट केला, तरी गेम अडकतो आणि ऑफिसच्या कॉलमध्ये आवाज तुटतो’ ही तक्रार आमच्याकडे नेहमी येते. घरी जाऊन पाहिलं की बहुतेक वेळा प्लॅनमध्ये काही खोट नसते, राउटरची जागा चुकलेली असते. फायबर जोडणारा माणूस वायर जिथे सहज पोहोचेल तिथेच डबा लावून जातो. मग तो कधी चपलांच्या कपाटावर असतो, कधी एमसीबीच्या पेटीशेजारी, तर कधी टीव्हीच्या मागे. मुलांचा कन्सोल आतल्या खोलीत, आणि मधे दोन भिंती व एक लोखंडी कपाट. अशा वेळी प्लॅन वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आमचं सांगणं एकच आहे: जे यंत्र जागचं हलत नाही त्याला वायर द्या, आणि वायफाय लॅपटॉप-मोबाइलसाठी मोकळं ठेवा.

ऑनलाइन खेळायला फार वेग लागत नाही, काही एमबीपीएस पुरतात. लागतो तो स्थिर पिंग, म्हणजे बटण दाबल्यावर निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. वायफायवर एका चॅनेलवर, म्हणजे रेडिओच्या एका पट्टीवर, एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीची थांबतात. शेजाऱ्याचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर त्याच्यासाठीही थांबावं लागतं. वायरवर ही रांग नाही. प्लेस्टेशन ५, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांच्या मागे लॅनचं, म्हणजे नेटची वायर खोचायचं भोक असतंच. निन्टेन्डो स्विचच्या पहिल्या डॉकला (टीव्हीला जोडायच्या स्टँडला) ते नाही, त्याला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. ओलेड मॉडेलच्या डॉकला मात्र आहे.

लॅन केबल कॅट ६ प्रकारची घ्या. १०० मीटरपर्यंत ती व्यवस्थित चालते, म्हणजे कुठल्याही फ्लॅटला पुरून उरते. घरात आधीपासून केबल टाकलेली असेल तर प्लगच्या पारदर्शक टोकात डोकावून रंगीत तारा मोजा. आठ हव्यात. चारच जोडलेल्या असतील तर तुम्ही कितीही मोठा प्लॅन घ्या, त्या केबलवर १०० एमबीपीएसच्या वर काही मिळणार नाही. भाड्याच्या घरात आम्ही भोक पाडत नाही, स्कर्टिंगच्या कडेने चिकटपट्टीची केसिंग लावतो. विजेच्या वायरींच्या पाइपातून लॅन केबल कोणी ओढत असेल तर ओढू देऊ नका.

वायर शक्यच नसेल, तर राउटर घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीच्या वर आणि उघड्यावर ठेवा. शोकेसच्या आत, आरशाच्या कपाटामागे किंवा माशांच्या टाकीजवळ नको. मग प्रश्न बँडचा, म्हणजे राउटरच्या दोन रेडिओ पट्ट्यांपैकी कोणता वापरायचा. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो पण त्यावर गर्दी फार, शिवाय मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळा, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. पुण्याच्या पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या जाड भिंती असोत, की वाकड-हिंजवडीकडच्या अनेक टॉवरमधल्या सळया घालून ओतलेल्या काँक्रीटच्या, दोन्हीकडे एका राउटरवर सगळं घर भागत नाही. कन्सोल आणि राउटर एकाच खोलीत असतील तर ५ वापरा. २०१३ साली आलेल्या पहिल्या प्लेस्टेशन ४ ला ५ चा बँड दिसतच नाही, तेव्हा राउटर बिघडला असं समजू नका. २.४ वरच राहायचं असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा चॅनेल निवडा, कारण हे तिघंच एकमेकांत मिसळत नाहीत.

स्वस्तातला रेंज एक्स्टेंडर गेमसाठी आम्ही सुचवत नाही. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आतल्या खोलीपर्यंत केबल नेऊन तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारा डबा) लावणं थोडं महाग पडतं, पण पैसे तिथेच घाला.

गेम चालतो, पण मित्राशी जोडणी होत नाही किंवा पार्टी चॅट लागत नाही

कन्सोलच्या नेटवर्क चाचणीत नॅटचा प्रकार बघा. नॅट म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना बाहेरचा एकच पत्ता वापरू देणारी राउटरची सोय. प्लेस्टेशनवर ‘टाइप ३’ किंवा एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ आला तर दोन शक्यता तपासायच्या. इंटरनेट कंपनीचा डबाही राउटरचं काम करतो आणि तुमचा स्वतःचा राउटरही, असं दुहेरी नॅट असेल तर कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (नेट नुसतं पुढे देण्यावर) टाका किंवा तुमचा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर (नुसतं वायफाय पसरवण्यावर). मग दोघांपैकी जो राउटरचं काम करत राहिला, त्यावर यूपीएनपी (कन्सोलला हवी ती वाट आपोआप उघडून देणारी सोय) सुरू आहे ना, ते पाहा. इतकं करूनही तेच आलं, तर राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल, तर कंपनीने एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. तिथे आमच्या हाती काही नाही. कंपनीकडे पब्लिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा पत्ता मागा, त्याचे वेगळे पैसे पडू शकतात.

१०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसवर उतरायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, आणि तेवढा वेळ घरातल्या बाकीच्यांचे हाल होतात. कन्सोल रेस्ट मोडमध्ये (पूर्ण बंद न करता झोपवून) ठेवून डाउनलोड रात्री लावा. घरून काम करणाऱ्या आई-बाबांचे कॉल एवढ्यानेच पुष्कळ सुधारतात.

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घेऊन ठेवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही बॅकअप हवा. घेताना दोन्ही अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून या, बरेचसे १२ व्होल्टचे असतात पण सगळे नाही.

वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए २ किंवा ३ वर ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा.

आमचा माणूस येण्याआधी घराचा हातानेच काढलेला कच्चा नकाशा तयार ठेवा. त्यात फायबर कुठून आत येतं, कन्सोल कुठे आहे आणि कॉलला कोण कुठे बसतं, एवढं दाखवा. राउटरखालच्या लेबलचा फोटोही काढून ठेवा, मात्र तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर पासवर्ड छापलेला असतो. आधी पाहणी होईल, त्यानंतरच काय विकत घ्यायचं ते आम्ही सांगू.