बाहेरून बूट: कॉलवर जाणाऱ्या टेक्निशियनच्या हत्यारांची पार्श्वभूमी

विंडोज चालूच होत नसेल तर विंडोजमधलं कुठलंही टूल कामाचं नाही. अडचण साधी आहे, पण कॉम्प्युटर टेक्निशियनच्या बॅगेत गेल्या चाळीस वर्षांत जे जे आलं त्यातलं बरंचसं तिच्यातूनच आलं. मशीनच्या डिस्कवरची सिस्टीम बाजूला ठेवायची आणि आपण आणलेल्या सिस्टीमवर मशीन उठवायचं, म्हणजे बूट करायचं. रिकव्हरी, व्हायरस काढणं, क्लोनिंग हे सगळं त्यानंतर.

सुरुवातीच्या पीसीवर यात काही विशेष नव्हतं. हार्ड डिस्क म्हणजे चैन. डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची सिस्टीम, फ्लॉपीवरूनच चालायचा. टेक्निशियनच्या बूट फ्लॉपीत डॉसच्या मोजक्या फाइल्स, डिस्कचे भाग पाडणारं एफडिस्क आणि ती वापरायला तयार करणारं फॉरमॅट असलं की भागायचं. १९८२ साली पीटर नॉर्टन यांनी नॉर्टन युटिलिटीज काढलं आणि त्यातलं अनइरेज गाजलं. डॉस फाइल खरं तर पुसतच नसे. डिरेक्टरीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी ई५ हा कोड टाकायचा आणि फाइलने अडवलेली जागा मोकळी झाल्याची नोंद करायचा; मजकूर जागच्या जागी राहायचा. अनइरेज तुम्हाला पहिलं अक्षर विचारायचं आणि बाकीचं जुळवायचं. अट एकच, मधल्या वेळात त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलेलं नसावं. ‘डेटा गेलाय ना, मग मी येईपर्यंत मशीनला हात लावू नका,’ असं टेक्निशियन फोनवर बजावतो, त्यामागे हेच कारण.

मग व्हायरस आले. लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला १९८६ चा ब्रेन फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे मशीन उठताना आधी वाचल्या जाणाऱ्या भागात, बसायचा. पुढे ज्याच्या ६ मार्च १९९२ या तारखेचा जगभर धसका घेतला गेला तो मायकेलअँजेलो हार्ड डिस्कवरही उतरायचा. लागण झालेल्या मशीनमध्ये टेक्निशियनने आपली फ्लॉपी घातली की तिलाही लागण, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे रोग घेऊन जाणारा तोच. म्हणून फ्लॉपीच्या कोपऱ्यातली राइट-प्रोटेक्टची छोटी पट्टी सरकवल्याशिवाय ती ड्राइव्हमध्ये घालायची नाही, हा धंद्यातला पहिला धडा होता. जुन्या सव्वापाच इंची फ्लॉपीला ती पट्टी नसायची. तिथे कडेच्या खाचेवर स्टिकर चिकटवावा लागे.

याच काळात पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळलेल्या कैलास काटकरांच्या दुकानात व्हायरसने बसलेली मशिनं येऊ लागली. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होते. त्यांनी व्हायरस साफ करणारे प्रोग्राम लिहिले आणि १९९५ मध्ये त्यातून क्विक हील बाजारात आलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली. पण मुळात ते दुरुस्तीच्या टेबलावर गरजेपोटी घडलेलं हत्यार होतं. या इतिहासात असं पुन्हापुन्हा दिसतं. मोठ्या कंपन्या उशिरा आल्या. आधी कोणीतरी एकटादुकटा माणूस आपलं अडलेलं काम सोडवून बसलेला असायचा.

घोस्टचंही तसंच. न्यूझीलंडच्या मरे हॅझर्ड यांनी नव्वदच्या दशकात ते लिहिलं, १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलं. अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये नक्कल करायची आणि लागेल तेव्हा परत उतरवायची. असेंबल्ड पीसी विकणाऱ्यांचे त्यामुळे किती तास वाचले असतील! विंडोज, ड्रायव्हर, ऑफिस सगळं एकदा नीट बसवून त्याची इमेज डी ड्राइव्हमध्ये ठेवली की पुढच्या वेळी ‘फॉरमॅट मारायचं’ काम चहा येईपर्यंत उरकायचं.

सीडीने जागेचा प्रश्न सोडवला. शिवाय एकदा राइट केलेल्या सीडीला व्हायरस लागत नाही, हा फायदा आपसूक मिळाला. २००० साली जर्मनीच्या क्लाउस नॉपर यांनी सीडीवरून थेट चालणारं नॉपिक्स दिलं. बार्ट लागरवेय या डच गृहस्थांनी विंडोजचीच बूट होणारी सीडी घरच्या घरी बनवायची सोय केली. आणि २००४ च्या सुमारास आली हिरेन्स बूटसीडी. पार्टिशन, पासवर्ड, रिकव्हरी, रॅमची तपासणी, पुढे तर मिनी एक्सपीसुद्धा, सगळं एका तबकडीत. त्यातली बरीच सॉफ्टवेअर पैसे मोजून घ्यायची होती, फुकट वाटायची नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ती सीडी नसलेला टेक्निशियन शोधून सापडला नसता. चोरीचा माल म्हणून नाकं मुरडणाऱ्यांची मशिनंही तिनेच उठवली. मूळ मालिका २०१२ मध्ये १५.२ या आवृत्तीवर थांबली. २०१८ मध्ये चाहत्यांनी विंडोज १० पीई या थेट बूट होणाऱ्या छोट्या विंडोजवर तिचा नवा अवतार काढला, त्यात फुकट वापरता येणारीच टूल्स घेतली.

यातलं एक टूल मात्र या सीडीहून जुनं: १९९४ चं मेमटेस्ट८६. रॅम तपासायची तर विंडोजखाली तपासून चालत नाही, कारण विंडोज ज्या जागेवर बसलंय ती जागाच तपासायची राहते. मेमटेस्ट एकटंच बूट होतं, आणि आपण स्वतः बसलेली जागा तपासायची वेळ आली की उठून रॅममध्ये दुसरीकडे जाऊन बसतं.

विंडोज चालू होतंय पण रखडतंय, अशा मशीनसाठी मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांची सिसइंटर्नल्स टूल्स आली, आत नेमकं काय चाललंय ते दाखवणारी. १९९६ पासूनचा हा संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला आणि फुकटच ठेवला. इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून थेट चालतात, हा त्यांचा मोठा गुण.

पेनड्राइव्ह आला तशी फ्लॉपीची ती पट्टी गेली. राइट-प्रोटेक्टचं बटण असलेले पेनड्राइव्ह निघाले, पण ते विरळाच. सायबर कॅफे, झेरॉक्सची दुकानं, कॉलेजच्या लॅब सगळीकडे पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होणाऱ्या ऑटोरन व्हायरसने थैमान घातलं, आणि ते पसरवण्यात टेक्निशियनच्या पेनड्राइव्हचाही हातभार होता. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेट देऊन जुन्या विंडोजवर पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं तेव्हा कुठे ते ओसरलं. त्याच वर्षी पेनड्राइव्ह बूटेबल करणारं रूफस आलं, २०२० मध्ये व्हेंटॉय. आता आयएसओ फाइल्स, म्हणजे अख्ख्या सीडीच्या नकला, नुसत्या कॉपी करून टाकायच्या.

दरम्यान दुरून दुसऱ्याचं मशीन चालवू देणाऱ्या टीमव्ह्यूअरसारख्या टूल्समुळे निम्मी कामं दुकानात बसूनच होऊ लागली. पण त्यासाठी मशीन चालू हवं आणि नेट हवं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर अडकली, तेव्हा दुरून फारसं काही करता आलं नाही. बऱ्याच ठिकाणी माणसाने प्रत्यक्ष जाऊन, मोजक्याच गोष्टी चालू ठेवणाऱ्या सेफ मोडमध्ये शिरून, सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल पुसायची होती. काम दोन मिनिटांचं. पण डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असली की आधी ४८ आकडी रिकव्हरी की टाकावी लागत होती, आणि ती कुठे आहे हे अनेकांना सापडेना.

आता विंडोज ११ च्या नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. मालकाला बहुधा पत्ताही नसतो. पेनड्राइव्हवरून मशीन उठतं, सी ड्राइव्ह दिसतो, पण कुलूपबंद. की सहसा गिऱ्हाइकाच्या त्या अकाउंटमध्ये असते आणि त्या अकाउंटचा पासवर्ड कोणालाच आठवत नसतो. म्हणून जाणते टेक्निशियन निघण्याआधी फोनवरच विचारून घेतात, ‘लॅपटॉप घेतला तेव्हा कुठला ईमेल टाकला होता?’