रांग कापसाची, रांग पॅकेटांची

हंगामात हिंगणघाट किंवा वणीच्या जिनिंगसमोर कापसाच्या बंड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग लागते. जिनिंगचं आवार दुप्पट केलं म्हणून काट्यावरचं वजन लवकर होत नाही. गाड्या तेवढ्या जास्त आत येतात आणि शेवटच्याचा नंबर रात्री लागतो. फोनला पूर्ण रेंज असूनही व्हिडिओ कॉल का अडकतो, याचं कारण पुष्कळदा असंच असतं.

मोडेममध्ये आणि टॉवरवर माहितीचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेटं, आपला नंबर येईपर्यंत जिथे थांबतात, त्या आवाराला बफर म्हणतात. अपलोडचा वेग 1 एमबीपीएस आणि बफर 256 केबी असेल, तर तो भरल्यावर रिकामा व्हायला सुमारे 2 सेकंद लागतात. घरात कुणी लग्नाचा व्हिडिओ पाठवायला लावला की कॉलचं इवलंसं पॅकेटही त्याच रांगेत मागे उभं राहतं.

पाठवणारा थांबत का नाही? ऑक्टोबर 1986 मध्ये अमेरिकेतली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधल्या जेमतेम 400 यार्डांच्या दुव्यावर वेग 32 केबीपीएसवरून सेकंदाला 40 बिटांवर कोसळला. संशोधक व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये उपाय मांडला: पॅकेट हरवलं की गर्दी आहे असं समजायचं आणि हात आखडता घ्यायचा. पुढे मेमरी स्वस्त झाली, बफर फुगले. पॅकेट हरवायलाच उशीर होऊ लागला, म्हणजे इशाराही उशिरा पोचू लागला. या फुगण्याला ‘बफरब्लोट’ हे नाव संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी रूढ केलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी ‘कोडेल’ हे रांग आवरणारं तंत्र आणलं. ते रांगेची लांबी पाहत नाही, पॅकेट किती वेळ ताटकळलं ते पाहतं. 5 मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं 100 मिलिसेकंद टिकलं, की पॅकेट टाकायला सुरुवात.

हे गावात बसून मोजता येतं. लॅपटॉपवरून एखाद्या स्थिर सर्व्हरला 200 पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी छोटी पॅकेटं) पाठवा. मग 100 एमबीची फाइल अपलोडला लावून पुन्हा 200. सरासरीवर विसंबू नका. सर्वांत कमी आणि मधली किंमत लिहा. नागपूर ते मुंबई सरळ अंतर सुमारे 700 किमी आणि फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किमी जातो. म्हणून नागपुरात बसून, मुंबईतल्या म्हणवणाऱ्या सर्व्हरवरून जाऊन-येऊन 7 मिलिसेकंदांच्या आत उत्तर आलं, तर तो सर्व्हर मुंबईत नाही!

चुका इथेच होतात. मोबाइलचा रेडिओ झोपलेला असतो, म्हणून पहिलं पिंग हमखास मंद येतं. ते सोडून द्या. फाइल छोटी असेल तर बफर भरायच्या आतच संपते. दोष टॉवरचा नसून घरातल्या वायफायचाही असू शकतो, म्हणून शक्य तिथे केबल लावून बघा. आणि एका बाजूचा वेळ काढायच्या फंदात पडू नका, दोन यंत्रांची घड्याळं मिलिसेकंदाइतकी जुळत नाहीत.

इलाज? ओपनडब्ल्यूआरटी ही मुक्त प्रणाली चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम (रांग आवरणारी सोय) सुरू करून वेग मोजलेल्या वेगाच्या 85–90 टक्के ठेवा. थोडा वेग जातो. पण रांग मोडेममधून निघून राउटरमध्ये, आपल्या काट्यावर येते. मोबाइल डेटाचा वेग सतत हलत असल्यामुळे तिथे हे नीट बसत नाही, आणि संशोधनाला वाव आहे तो इथेच.

नेटवर्क संशोधनाच्या या क्षेत्रात जायचं तर गेट देऊन एमटेक, पुढे पीएचडी हा नेहमीचा मार्ग. नेट-जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिना 37,000 रुपये. संगणकशास्त्रात जर्नलइतकंच, किंबहुना जास्त, वजन परिषदांतल्या निबंधांना असतं. सिगकॉम ही जगातली आघाडीची परिषद, तर कॉमस्नेट्स जानेवारीत बंगळुरूत भरते. लिनक्स, सी, पायथन आणि पॅकेटं तपासणारं वायरशार्क हाताखालचे हवेत. गावातली मंद लाइन नेटेमने (लिनक्समधलं नेटवर्कची नक्कल करणारं साधन) टेबलावर उभी करता यावी, म्हणजे तोच प्रयोग शंभरदा फिरवता येतो.

निबंधाचा परीक्षक नेमका विचारतो: दुसऱ्या टॉवरवर, दुसऱ्या ऋतूत हेच दिसतं का? गडचिरोली-मेळघाटकडे हा प्रश्न वरवरचा नाही. सागाची हिरवी पानं सिग्नल शोषतात आणि उन्हाळ्यात झाड उघडं पडतं, त्यामुळे ऑगस्टची आणि मार्चची मोजमापं वेगळ्या वह्यांत ठेवावी लागतात.